हातकाम : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आम्ही आठ मैत्रिणी एका रविवारी जमून जुन्या काळातलं हातकाम करायचं म्हणतोय. कुणी वायरची पिशवी सुचवतं, कुणी क्रोशाचा रुमाल, कुणी जुन्या कापडांची वाकळ, म्हणजे गोधडी. काय धरावं? (लातूर)

उत्तर : जे त्याच दिवशी हातावेगळं होईल ते. वायरच्या पिशवीचा नवख्या हाताने एका दुपारी तळ झाला तरी पुष्कळ, आणि क्रोशा न येणारीची दुपार साखळी सारखी पडण्यातच जाते. अर्धवट काम घरी गेलं की कपाटात जातं, आणि पुढच्या वेळी बोलावलं तर कुणी उत्साहाने येत नाही. आमचं मत वाकळीला, पण अख्ख्या वाकळीला नव्हे. 15 इंची चौकोनी आसन शिवा.

प्रत्येकीला वरचा आणि खालचा असे 16 इंची दोन तुकडे लागतात, आत घालायला 15 इंचांहून किंचित लहान तीन. म्हणजे आठ जणींचे 40. साडेपाच मीटर लांब, 45 इंच पन्ह्याच्या जुन्या सुती साडीतून 16 इंची 26 तुकडे निघतात. दोन साड्या पुरतात, मात्र मधला भाग विरलेला असतो म्हणून तिसरी हाताशी ठेवा. विरलेले तुकडे आत खपतात.

वरच्या आणि खालच्या तुकड्याच्या चारही कडा अर्धा इंच आत दुमडा. थर एकमेकांवर ठेवल्यावर आधी कच्चा दोरा घाला, तो कसा ते पुढच्या उत्तरात आहे. पहिली ओळ कडेपासून पाव इंचावर घाला. अर्ध्या इंचावर घातली तर दुमड टाक्यात सापडत नाही आणि पहिल्याच धुण्यात कड उघडते. पुढे एकेक इंचावर चौकोनात चौकोन, बाहेरून मध्याकडे. सगळा मिळून सुमारे 6 मीटर धावदोरा होतो. जाड सुती दोरा एकेरी, माणशी 8 मीटर काढून ठेवा. सुईत एका वेळी दीड हाताहून जास्त घेऊ नका, गुंता होतो. नवख्या हाताला दोन तास धरा. कापणं, दुमडणं आणि इस्त्री यजमानीणबाईंनी आदल्या दिवशीच उरकावी. त्या दुपारी कात्री फिरवत बसलात तर टाके राहतील.

प्रश्न : वाकळ शिवताना मध्यभागी फुगा येतो. का? (परभणी)

उत्तर : बाहेरून आत शिवत गेलं की कापडातली ढिलाई टाक्यांपुढे सरकत मध्यात गोळा होते. तिथून तिला वाट नसते, म्हणून फुगा. यावर उपाय कच्च्या दोऱ्याचा. सगळे थर सतरंजीवर अंथरून तळव्याने मध्यापासून कडेकडे सारखे करा, मग मध्यापासूनच चार बाजूंना आणि चार कोपऱ्यांकडे दोन-दोन इंची कच्चे टाके घाला. हा दोरा शेवटची ओळ झाल्यावरच काढायचा. प्रत्येक चौकोन पुरा झाला की आसन जमिनीवर ठेवून हात फिरवा. मांडीवर घेऊन सलग शिवलं तर खालचा थर कधी सरकला ते कळतही नाही.

दोरा आवळून ओढला तर कडा वर वळतात. सिंथेटिक साडी सुतीत मिसळली तर ती निसटते. आणि एखादं नवं कापड न धुता वापरलं तर पहिल्या धुण्यात तेवढंच आटतं. फुगा आलाच असेल तर आतल्या दोन-तीन ओळी उसवून पुन्हा घाला. चुणी पाडून दाबून टाकू नका, तिथेच कापड विरतं.

प्रश्न : आजीची हिमरू शाल आहे. तिचे तुकडे ठिगळ म्हणून लावले तर शोभा येईल ना? (छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : कृपा करून कापू नका. हिमरूत नक्षीचे जादा धागे मागच्या बाजूला सुटे धावतात. कात्री लागली की ते निसटतात आणि नक्षी उसवते. पैठणीचंही तसंच, जुनं रेशीम घडीवर आधीच तडकलेलं असतं. शाल भिंतीलगत मांडा, उन्हापासून दूर, आणि तिच्याजवळ खाणं नको.

प्रश्न : गुडघ्यांमुळे खाली बसता न येणाऱ्या दोघी आहेत. त्यांना काय द्यावं? (बीड)

उत्तर : मॅटीवर, म्हणजे चौकोनी घरं असलेल्या भरतकामाच्या कापडावर, फुलीचा टाका. इंचाला 11 घरांची मॅटी घ्या, 14 च्या मॅटीने डोळे शिणतात. 33 घरांची नक्षी बरोबर 3 इंच होते. सहा पदरी दोऱ्यातले तीन पदर, बोथट टोकाची सुई. प्रत्येक फुलीचा वरचा पाय एकाच दिशेला पडला पाहिजे, नाहीतर रंग ठिकठिकाणी वेगळा दिसतो. लाल दोरा आधी ओल्या पांढऱ्या फडक्यावर दाबून बघा. रंग उतरला तर तो वापरूच नका.

प्रश्न : जुना काळ वाटावा म्हणून सजावट, खाणं काय ठेवावं? (नांदेड)

उत्तर : आधी काळ पक्का करा. आपल्याकडे रंगीत दूरदर्शन 1982 मध्ये आलं. त्याआधीचा काळ धरलात तर रेडिओ, पितळी डबे, जाजम एवढं पुरे. विविध भारती 1957 पासून सुरू आहे, तीच लावा, हलक्या आवाजात. उजेड मात्र आजचाच हवा. खिडकी डाव्या हाताला येईल अशा बसा, डावखुरीला उलट बाजूने.

एप्रिल-मेमध्ये दुपार टाळा आणि सकाळी आठला बसा, घामाने सुई हातात ठरत नाही. धपाटे-दही, चुरमुऱ्यांची सुशीला जरूर करा, पण टाके आवरल्यावर. तेलाचा हात आणि हळद सुती कापडावरून सहज निघत नाहीत. काम चालू असताना माठातलं पाणी आणि भाजलेले फुटाणे पुरेत.