अंगणातली फरशी आणि ॲसिडची बाटली

पावसाळा संपला की आमच्याकडे फरशीच्या पत्रांचा ढीग लागतो, त्यातली निवडक घेतोय. सगळी इंदूरचीच आहेत.

प्रश्न: घर सुदामा नगरात आहे, मागे छोटं अंगण, तिथे कोटा बसवलाय, पॉलिशवाला नाही, साधा खडबडीत. चार महिन्यांत सगळं हिरवं-काळं झालंय, परवा सासूबाई तुळशीला पाणी घालताना घसरता घसरता वाचल्या. शेजारचे काका म्हणतात ॲसिड टाका, पाच मिनिटांत चकाचक. दुकानदारानेही तीच बाटली हातात दिली. टाकू का?

उत्तर: नका टाकू ताई. बाटली अजून उघडली नसेल तर परत करून या.

कोटा म्हणजे चुनखडीचा दगड, तिकडे राजस्थानात रामगंज मंडीच्या खाणींतून येतो, आणि ॲसिड चुनखडीला खातं. ओतल्यावर जो फेस येतो तो बघून सगळ्यांना वाटतं की वा, घाण निघतेय, पण तो दगड विरघळतोय त्याचा फेस असतो. वरचा थर जातो म्हणून फरशी नवी दिसते, पण खाली जी उघडी पडते ती जास्त भुसभुशीत, जास्त पाणी पिणारी, म्हणजे पुढच्या पावसाळ्यात शेवाळ आणखी घट्ट धरणार. लिंबू, व्हिनेगर, चिंचेचं पाणी यांचंही तेच, फक्त जरा हळू. आणि तुमच्याकडे नक्की कोणता दगड आहे हे कळत नसेल तर कोपऱ्यात कुठेतरी लिंबाचे दोन थेंब टाकून बघा, बारीक बुडबुडे आले तर चुनखडी समजा, लगेच पाण्याने धुऊन टाका.

आता करायचं काय. आधी कुंड्या हलवा आणि कोरड्यानेच खराटा मारा, जाड शेवाळ जुन्या सुरीने किंवा थापीने खरवडून काढा (ते ओल्या कचऱ्यात जाईल, नालीत ढकलू नका, तुंबते). तारेचा ब्रश नको, चरे पडतात आणि तुटलेल्या तारा राहिल्या तर गंजाचे डाग येतात. मग सोडियम परकार्बोनेट, केमिकलच्या दुकानात किंवा ऑनलाइन मिळतं, कपड्यांचे डाग काढायच्या बऱ्याच पावडरींमध्ये हेच असतं. पाच लिटर कोमट पाण्यात साधारण शंभर ग्रॅम, हातमोजे घालून, ऊन कलल्यावर टाकायचं म्हणजे लगेच वाळत नाही, अर्धा तास ओलं ठेवायचं आणि नायलॉनच्या ब्रशने घासायचं. पाण्यात याचं हायड्रोजन पेरॉक्साइड आणि धुण्याचा सोडा होतो, पेरॉक्साइड शेवाळ मारतं आणि सोडा चिकटा काढतो, कोट्याला दोन्हीचा त्रास नाही.

ब्लीचिंग पावडरनेही शेवाळ मरतं आणि स्वस्त पडतं, पण मग पावडर बादलीत भिजवून वरचं नितळ पाणीच वापरा नाहीतर पांढरा साका फरशीवर बसतो, आणि तुळशीपासून लांब. एक गोष्ट मात्र ओरडून सांगते, ब्लीचिंग आणि ॲसिड एकत्र कधीही नाही, एकानंतर लगेच दुसरंही नाही, क्लोरीन गॅस निघतो आणि तो थेट छातीत जातो. बाथरूममध्येही हाच नियम.

धुवायला पाइप सोडून बसू नका, नर्मदेचं पाणी पार नदीकाठच्या जलूदहून चढवून इंदूरला आणतात, आणि घासणं नीट झालं असेल तर बादली आणि वायपरने काम होतं.

हे सगळं करूनही कारण तिथेच असेल तर पुढच्या वर्षी परत तेच. मीटरला एक-दीड सेंटीमीटर उतार हवा, बादलीभर पाणी ओतून बघा कुठे थांबतं. कूलरचं ओघळणारं पाणी, कुंड्यांखालची ओल, भिंतीवरची वेल, यातलं काहीतरी नक्की सापडेल. आणि जोपर्यंत ती ओल जात नाही तोपर्यंत सासूबाईंच्या वाटेवर एक खरबरीत रबरी पायपोस टाका.

प्रश्न: टिळक नगर. आमच्याकडे ॲसिड टाकून झालंय, पॉलिशच्या कोट्यावर पांढरे धब्बे पडलेत, घासून जात नाहीत.

उत्तर: जाणार नाहीत, कारण तो डाग नाही, तिथलं पॉलिश गेलंय. फरशी घासाईवाल्याला बोलवा, मशीनने बारीक नंबरपर्यंत घासून परत पॉलिश होतं. तेल किंवा मेण लावून लपवू नका, दोन दिवस बरं दिसतं मग त्यावर धूळ चिकटते. उरलेली बाटली घंटागाडीत घरगुती घातक कचऱ्याच्या डब्यात, कामवाल्या बाईंच्या हाताला लागेल अशी ठेवू नका.

प्रश्न: पोर्चमध्ये नवीन पेव्हर ब्लॉक लावले, महिन्याभरात पांढरी पावडर येतेय. मिस्त्री म्हणतो धुवा, धुतलं की अजून येते.

उत्तर: येणारच हो. सिमेंटमधले क्षार पाण्यात विरघळून वर येतात आणि पाणी उडालं की पांढरे होऊन बसतात, म्हणजे जितकं धुवाल तितकं त्यांना वर यायला वाहन मिळतं. कोरड्या ब्रशने झाडा, गोळा करा, फेका. काही महिन्यांत आपोआप कमी होतं. वर्ष झालं तरी थांबत नसेल तर खालून ओल येतेय, मग पाण्याची पाइपलाइन तपासा.

प्रश्न: अंगणात कंडे (गोवऱ्या) पेटवून दाल-बाफल्यांची (वरणासोबत खायचे तुपातले कणकेचे गोळे) पार्टी केली, दगडावर काळा गोल आणि शेजारी तुपाचे डाग. त्यात रंगपंचमीचा गुलाबी रंग अजून कोपऱ्यात आहेच. नवरा म्हणतो राहू दे, आठवण आहे.

उत्तर: नवऱ्याचं म्हणणं आम्ही वाचलं नाही असं समजा.

काजळी आधी कोरडी झाडायची, मग धुण्याचा सोडा गरम पाण्यात घालून ब्रश. तूप दगडात मुरलेलं असतं, वरून घासून निघत नाही, त्याला बाहेर ओढावं लागतं. मुलतानी माती आणि धुण्याचा सोडा यांचा पाण्यात घट्ट लेप करा, डागावर बोटभर जाड थापा, वर प्लास्टिक चिकटवून रात्रभर ठेवा, सकाळी प्लास्टिक काढून पूर्ण वाळू द्या, वाळताना माती तूप शोषून घेते. मग खरवडा. एकदा करून फिका होईल, पूर्ण जायला परत करावं लागेल. गुलाबीसाठी हाच लेप, फक्त सोड्याच्या जागी परकार्बोनेट, आणि याचं प्लास्टिक कडेने सैल ठेवा, त्यातून ऑक्सिजन सुटतो. पुढच्या वर्षी कोरडा गुलाल पाणी न लावता आधी झाडून घ्या, अर्धी कटकट तिथेच संपते.

आणि कंडे थेट दगडावर नको. तापून पापुद्रे निघतात, कधी तडकतो, त्यावर इलाज नाही. खाली विटा आणि वाळूचा थर द्या.

प्रश्न: प्रेशर वॉशर भाड्याने मिळतोय. लाल दगडावर चालेल?

उत्तर: ढोलपूर, ग्वाल्हेरकडचा जो वाळूचा दगड आहे तो मऊ आणि सच्छिद्र, जवळून धार मारली की कणच उडतात आणि फरशीवर नोझलच्या रेघा उमटतात. मारायचाच असेल तर पसरट धारेचं नोझल, फूटभर लांबून, तिरपं, आधी कोपऱ्यात ट्राय करून. सांध्यांतली वाळू निघून जाईल, ती वाळल्यावर परत भरा, नाहीतर फरश्या डुलायला लागतात. सीलर (दगडात पाणी मुरू नये म्हणून लावायचं द्रव्य) लावणार असाल तर दगड आतपर्यंत वाळल्यावरच, म्हणजे चांगली कडक ऊन्हं मिळाल्यावर, ओल्यावर लावला तर आतली ओल अडकून पांढुरकी झाक येते.