ट्रॅक्टर आणि रोटाव्हेटर वाहून नेण्यासाठी भक्कम ट्रॉली बांधताना चॅनेल किती जाडीचा घ्यावा?

आपल्या ५० एचपीच्या ट्रॅक्टरमागे जोडून दुसरा तेवढाच ट्रॅक्टर रोटाव्हेटरसह वाहून नेईल अशी ट्रॉली गावातल्या वर्कशॉपमध्ये बांधून घ्यायची आहे आणि त्यासाठी चॅनेल (इंग्रजी ‘सी’ अक्षरासारख्या आकाराची लोखंडी तुळई) किती जाडीचा घ्यावा, असे आपण विचारले आहे. मी स्वतः फॅब्रिकेशनचे काम करतो आणि हा प्रश्न मला नेहमीच चॅनेलपासून सुरू झालेला ऐकू येतो. परंतु माझ्या पाहण्यातल्या ट्रॉल्यांमध्ये चॅनेल क्वचितच वाकला आहे. त्या बिघडल्या त्या ॲक्सलची जागा चुकल्याने, ड्रॉबारच्या, म्हणजे ट्रॉलीला ट्रॅक्टरशी जोडणाऱ्या पुढच्या दांड्याच्या, मुळाशी चीर गेल्याने किंवा ट्रॉलीला स्वतःचे ब्रेकच नसल्याने.

म्हणून लोखंड खरेदी करण्यापूर्वी जो ट्रॅक्टर वाहून न्यायचा आहे तो रोटाव्हेटर उचललेल्या स्थितीत वजनकाट्यावर न्यावा आणि दोन वजने घ्यावीत: एक चारही चाकांचे, दुसरे फक्त मागच्या चाकांचे. या वर्गातला ट्रॅक्टर साधारण दोन टनांचा असतो आणि त्यातले सुमारे ६० टक्के वजन मागच्या चाकांवर असते; मागे साडेचारशे किलोचा रोटाव्हेटर लटकला की हा वाटा पाऊण भागाच्याही वर जातो. मागच्या टायरांत पाणी भरलेले असल्यास हिशेब आणखी बदलतो, त्यामुळे माहितीपत्रकातल्या आकड्यावर विसंबू नये.

हे मी अनुभवाने शिकलो. माझ्या पहिल्या ट्रॉलीत मी ॲक्सल तळाच्या बरोबर मध्यावर बसवला होता, कारण तो तिथे शोभून दिसत होता. ट्रॅक्टर रॅम्पवर चढू लागताच ट्रॉलीची शेपटी खाली बसली, ड्रॉबारने ओढणाऱ्या ट्रॅक्टरची मागची बाजू वर उचलली आणि हँडब्रेक लावलेला असूनही चाकांची पकड सुटून सगळाच लवाजमा हातभर पुढे सरकला. सुदैवाने पुढे कोणी उभे नव्हते. तेव्हापासून ॲक्सल मागे सरकवणे, चढवताना शेपटीखाली दोन्ही बाजूंना टेकू लावणे आणि ओढणाऱ्या ट्रॅक्टरच्या चाकांना पाचर देणे या तीन गोष्टींवर मी तडजोड करत नाही.

आता प्रत्यक्ष मापे पाहू. तळ ४.२ मीटर लांब आणि ड्रॉबार त्याच्यापुढे १.५ मीटर धरला, तर ड्रॉबार ट्रॅक्टरला जिथे अडकतो त्या पिनपासून तळाचा मध्य ३.६ मीटरवर येतो. दुहेरी ॲक्सलचा मध्य मी ४.१ मीटरवर, म्हणजे तळाच्या मध्यापासून अर्धा मीटर मागे ठेवीन. ट्रॉलीचे स्वतःचे वजन सव्वा टन मानल्यास एकूण भार ३.७ टन होतो. ट्रॅक्टरची मागची चाके जवळजवळ ॲक्सलच्या रेषेवर उभी केली की त्यातला सुमारे १२ टक्के, म्हणजे साडेचारशे किलोच्या आसपास भार पिनवर येतो. दहा ते पंधरा टक्क्यांची ही मर्यादा सांभाळावी: कमी भार पडला तर ट्रॉली रस्त्यावर शेपूट हलवते, जास्त पडला तर ओढणाऱ्या ट्रॅक्टरची पुढची चाके हलकी होऊन स्टिअरिंग ऐकेनासे होते. रोटाव्हेटर काढून नुसताच ट्रॅक्टर न्यायचा असेल, तर तो सुमारे दीड वीत मागे उभा करावा.

या भारासाठी १५० मिलिमीटर उंचीचे दोन मुख्य चॅनेल पुरतात. खड्ड्यांचे धक्के धरून भार दुप्पट मानला, तरी तळाखाली येणारा ताण साध्या बांधकामाच्या लोखंडाला चालणाऱ्या मर्यादेच्या निम्म्याच्या जवळपास राहतो. मात्र तोच चॅनेल ड्रॉबार म्हणून एकटा पुढे काढला, तर त्याच्या मुळाशी ताण मर्यादेजवळ जातो आणि वळणावरचा आडवा ताण त्यात धरलेलाही नसतो. म्हणून ड्रॉबार वेगळा जोडू नये. दोन्ही मुख्य चॅनेल अखंड पुढे आणून इंग्रजी ‘ए’ अक्षरासारखे पिनपाशी मिळवावेत. तिथे ७०१८ क्रमांकाचा सुकवलेला वेल्डिंग रॉड वापरावा आणि चॅनेलच्या खालच्या पट्टीवर आडवे वेल्डिंग टाळावे, कारण चीर नेमकी तिथून सुरू होते. बाकी तळाला ६०१३ चालतो.

चाके तळाखाली न घेता दोन्ही बाजूंना घ्यावीत. ७.५०-१६ चे चार टायर आणि आत १.९ मीटरचा तळ घेतल्यास एकूण रुंदी अडीच मीटरच्या आत राहते आणि तळ जमिनीपासून जेमतेम दोन फुटांवर येतो. मग अडीच मीटरचा रॅम्पही पुरेसा सौम्य होतो.

ब्रेकच्या बाबतीत मात्र काटकसर करू नये. दहा मीटरला एक मीटर उतार असेल, तर ही ट्रॉली पुढच्या ट्रॅक्टरला पावणेचारशे किलोच्या जोराने ढकलते, आणि आपल्याकडील बहुतेक ट्रॅक्टरना ब्रेक फक्त मागच्या चाकांना असतात. ट्रॉलीला ड्रमचे ब्रेक बसवावेत, सुरक्षा साखळी जोडावी, ट्रॅक्टरची दोन्ही ब्रेक पॅडल रस्त्यावर एकमेकांना अडकवलेली ठेवावीत आणि उतार न्यूट्रलमध्ये कधीही उतरू नये.

एक अडचण स्पष्ट सांगतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात ट्रेलरही मोटार वाहनच आहे, त्यामुळे रस्त्यावर नेण्यासाठी त्याची नोंदणी लागते आणि नोंदणीसाठी पुण्याच्या एआरएआयसारख्या मान्यताप्राप्त वाहन-चाचणी संस्थेने त्या नमुन्याला मंजुरी दिलेली असावी लागते. घरी बांधलेल्या एकट्या ट्रॉलीसाठी ते परवडत नाही. म्हणून मंजुरी असलेल्या उत्पादकाकडेच वरील मापांची चौकशी करून तिथून घेणे बरे.

ट्रॉली हाती आल्यावर पहिल्या भरल्या फेरीत आठ-दहा किलोमीटरवर थांबून प्रत्येक हबला हात लावून पाहावा. एखादा हब इतरांपेक्षा गरम लागला, तर बेअरिंगचे नट जास्त आवळले गेले आहेत किंवा ब्रेक घासत आहे. ते तिथेच दुरुस्त करावे आणि चाकांचे सगळे नट पुन्हा एकदा आवळावेत.