अंगणातली आगगाडी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : घरामागे ९ मीटर बाय ४ मीटर मोकळी जागा आहे. दिवाळीनंतर छोट्या मॉडेल आगगाडीसाठी काळ्या मातीवर थेट गिट्टी पसरून ४५ मिमी गेजची (गेज म्हणजे दोन रुळांमधले अंतर) १८ मीटर लाईन टाकली. मे महिन्यापर्यंत गाडी छान धावली. पावसाळा लागला आणि रूळ लाटांसारखे झाले. इंजिन एकाच वळणावर घसरते. वरून आणखी गिट्टी टाकली, तरी फरक नाही. – वाचक, बेसा

उत्तर : दोष रुळाचा नाही, इंजिनाचाही नाही. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. वरच्या गिट्टीला स्वतःची ताकद नसते, माती जाईल तिकडे ती जाते. त्यात तुमच्या वळणाच्या एका बाजूला छपराचे पाणी पडत असेल, तर ती बाजू जास्त फुगते आणि रूळ पिळला जातो. लांबीतला चढउतार गाडी सोसते, पीळ सोसत नाही. चाकाची कड जेमतेम २–३ मिमी असते. एक रूळ दुसऱ्यापेक्षा तेवढा खाली गेला की चाक उचलले जाते आणि गाडी उतरते.

आता भर पावसात दुरुस्ती करू नका. रूळ उचलून घरात ठेवा आणि दसरा होऊ द्या. मग चर खोदून मुरूम भरण्याचा सल्ला तुम्हाला बरेच जण देतील. तो सरसकट मानू नका. काळ्या मातीतला चर म्हणजे पाण्याची टाकी. मुरमातून झिरपलेले पाणी खाली अडते आणि तळ फुगतच राहतो. चर खोदायचाच असेल, तर त्याच्या तळाला मीटरला १ सेंमी उतार द्या आणि शेवटी पाणी बाहेर काढा. आमचे मत विचाराल तर खाली जाण्यापेक्षा वर या. वरची १० सेंमी माती हरळीच्या मुळ्यांसकट काढा आणि त्यावर मुरमाचा बांध घाला : तळाशी ४५ सेंमी रुंद, माथ्यावर २५ सेंमी, उंची २० सेंमी. उंची दोन थरांत घ्या. मुरूम मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा, पण हाताला चिखल लागू नये, इतकाच ओला करा आणि प्रत्येक थर धुम्मसने (जड ठोकणीने) ठोका. १८ मीटरला ठोकलेला मुरूम अर्ध्या ब्रासच्या (ब्रास म्हणजे १०० घनफूट) आत मावतो, पण सुटा मुरूम ठोकल्यावर दबतो, म्हणून पाऊण ब्रास मागवा.

बांधावर २० सेंमी रुंद आणि ६ सेंमी जाड थर क्रशरच्या ४ ते ६ मिमी चुरीचा, डस्टसकट. त्यासाठी सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांनी आठ पोती लागतील. नदीची गोल रेती इथे चालत नाही. तिचे दाणे एकमेकांवर घरंगळतात, क्रशरचे कोनेदार दाणे एकमेकांत अडकतात. पातळी गवंड्याच्या पारदर्शक पाण्याच्या नळीने काढा. चढ मीटरला २ सेंमीपेक्षा जास्त नको. वळणाची त्रिज्या जमेल तर १.२ मीटर ठेवा. ६० सेंमीच्या वळणावर छोटे इंजिन फिरते, लांब डबे ओढले जाऊन आतल्या बाजूला उतरतात. बांधाच्या दोन्ही बाजूंना पाणी सारखेच पडले पाहिजे, म्हणून छपराच्या पाण्याला पन्हळ लावा. बांध झाला तरी पहिल्या पावसाळ्यानंतर थोडी चुरी सारून पातळी घ्यावी लागेलच.

प्रश्न : एप्रिल-मेमध्ये दुपारी बारा ते चार गाडी वळणावर उतरते, संध्याकाळी तीच गाडी नीट धावते. रूळ पितळी आहेत, चुरीवर सिमेंटने पक्के केले आहेत. – वाचक, मानकापूर

उत्तर : सिमेंट काढा. पितळेचा दीड मीटरचा तुकडा ५० अंश तापला की साधारण १.४ मिमी वाढतो. जानेवारीच्या पहाटे १५ अंशांना जोडलेला रूळ मेच्या उन्हात ६५ अंशांवर गेला, तर १८ मीटरमध्ये १७ मिमी लांबी जास्त होते. तिला जायला जागा नसेल, तर ती वळण बाहेर ढकलते. ऊन उतरले की रूळ आकसतो आणि सगळे ठीक दिसते.

फट ठेवायला जुने एटीएम कार्ड वापरा, त्याची जाडी ०.७६ मिमी असते. दीड मीटरचे तुकडे थंडीत जोडत असाल तर सांध्यात दोन कार्डे, रूळ ४० अंशांच्या आसपास तापलेला असेल तर एक. सगळे सांधे झाल्यावर कार्डे काढा. रूळ चुरीत तरंगता राहू द्या. स्क्रू मारायचाच असेल तर तुकड्याच्या मध्यावर एकच, तोही सैल.

याच उन्हाची आणखी एक खोड सांगून ठेवतो : पीएलएमध्ये थ्रीडी प्रिंट केलेले स्टेशन, पूल, डबे अंगणात ठेवू नका. हे प्लॅस्टिक ५५–६० अंशांना मऊ पडते. सकाळी सरळ असलेला फलाट संध्याकाळी पापडासारखा वळलेला दिसेल. त्याऐवजी उन्हात टिकणारे एएसए प्लॅस्टिक वापरा.

प्रश्न : परदेशी पुस्तकांत लाईनच्या कडेला थाइम, मॉस आणि बुटके सूचिपर्णी वृक्ष लावायला सांगतात. माझे सगळे एप्रिलमध्येच वाळले. गाडी नागपूर–छिंदवाडा नॅरोगेजसारखी दिसावी अशी इच्छा आहे. झाडे कोणती आणि प्रमाण कोणते? – वाचक, धरमपेठ

उत्तर : आधी प्रमाण, म्हणजे खऱ्या गाडीपेक्षा आपली गाडी किती पट लहान, कारण झाडाची उंची त्यावर ठरते. सातपुड्याच्या त्या लाईनचे गेज ७६२ मिमी होते. ४५ मिमीच्या रुळावर ते प्रमाण जवळपास १:१७ येते. बाजारात मिळणारे बहुतेक डबे १:२२.५ चे, म्हणजे मीटरगेजच्या हिशेबाचे असतात. ते इथे किरकोळ दिसतात. डबे स्वतः बांधणार असाल, तर नागपूरच्या मोतीबागेतल्या नॅरोगेज रेल्वे संग्रहालयात जाऊन खऱ्या डब्यांची ठेवण बघा. ते २००२ पासून सुरू आहे. १:१७ मध्ये माणूस १० सेंमीचा आणि ६० सेंमीचे झुडूप म्हणजे १० मीटरचे झाड.

पाने बारीक हवीत. उंच झाडांसाठी बुटकी कामिनी, मालफिजिया, कार्मोना. जेड उन्हात सगळ्यांत चिवट, पण काळ्या मातीत पावसाळ्यात कुजतो. त्याला मुरमाच्या उंचवट्यावरच लावा. दुरांटा कातरून गोल ठेवता येतो. सूचिपर्णी हवाच असेल तर मोरपंखी, लहान असेपर्यंत. जमिनीलगत चिनी गुलाब, आणि नळाजवळच्या ओलीत ब्राह्मी. वड-पिंपळ-फायकसच्या कुळातले काही बांधाजवळ नको. कुंडीसकट पुरले तरी खालच्या भोकातून मूळ निघते आणि दोन वर्षांत बांध उचलते. मोठी झुडपे लाईनच्या पश्चिमेला, ६० सेंमी अंतर सोडून लावा, म्हणजे दुपारची सावली रुळावर पडेल.

लागवड जुलैत, दोन-तीन चांगले पाऊस झाल्यावर. एप्रिलपासून ताशी २ लिटरचे ड्रिपर सकाळ-संध्याकाळ अर्धा तास चालवा, आणि ते बांधाच्या दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर हवेत. एकाच बाजूला ओल राहिली की पहिल्या उत्तरातला पीळ उन्हाळ्यातही येतो. कूलरचे उरलेले पाणी झाडांना घालू नका, त्यात क्षार साठलेले असतात. रुळावर उडाले तर पांढरा थर धरतो.

प्रश्न : तणासाठी चुरीखाली प्लॅस्टिक टाकू का? – वाचक, हिंगणा रोड

उत्तर : नको. लव्हाळा, म्हणजे आपला मोथा, प्लॅस्टिक भोसकून वर येतो, आणि वर साचलेले पाणी चुरीचा चिखल करते. बांध घालण्याआधी गाठी खणून काढा, पावसाळ्यात दर आठवड्याला खुरपे फिरवा. हरळीची कांडी तुटून राहिली तरी फुटते, ती अख्खी ओढा.

प्रश्न : रुळातून वीज देतो. रात्रभर दव पडले की सकाळी गाडी धक्के खात चालते. – वाचक, वाडी

उत्तर : दव आणि धूळ मिळून रुळावर लेप बसतो. रोज पुसण्याची तयारी असेल, तर रुळातली वीज ठेवा आणि दर ४ मीटरवर १.५ चौ.मिमी तारेने वेगळी जोडणी द्या. ट्रान्सफॉर्मर घरातच ठेवा. २३० व्होल्टची तार अंगणात आणू नका.

आम्ही बॅटरी आणि रिमोटच सुचवू. १८६५० या आकाराचे पाच लिथियम सेल एकापुढे एक जोडले की १८.५ व्होल्ट मिळतात. संरक्षक बीएमएस सर्किट लावल्याशिवाय जोडू नका. २६०० एमएएच क्षमतेचे सेल १ अँपिअर ओढणाऱ्या इंजिनाला दोन तासांहून जास्त पुरतात. हे सेल ४५ अंशांच्या वर चार्ज करू नयेत, आणि मेमध्ये नागपूरची हवाच तेवढी तापते. गाडी उन्हातून आणली की सेल काढून घरात निवू द्या, चार्जिंग रात्री करा.