मुंबईहून हाम्प्ता खिंडीला जात आहोत. वाटेतले ओढे दुपारी ओलांडले तर चालेल का?

शक्यतो नाही, हिमालयातील बर्फाच्या पाण्याचे ओढे सकाळी लवकरच पार करावेत. सह्याद्रीत ओढा फुगतो तो पावसाने, त्यामुळे आभाळाकडे पाहून अंदाज बांधायची आपल्याला सवय असते. तिथे मात्र लख्ख ऊन पडले की वरचा बर्फ वितळतो आणि सकाळी पोटरीपर्यंत असलेले पाणी दुपारनंतर मांडीला लागू शकते, शिवाय ते गढूळ झाल्याने तळातले गोटे दिसत नाहीत. अनवाणी उतरू नये, पट्ट्यांचे सँडल घालावेत आणि सॅकचा कमरपट्टा सोडून ठेवावा, म्हणजे पाय घसरलाच तर ती झटकन टाकता येते. रात्रभर पाऊस झाला असेल तर मात्र सकाळचा हा नियम लागू पडत नाही. तेव्हा स्थानिक वाटाड्या थांबा म्हणाला की थांबावे, मुंबईची परतीची गाडी चुकली तरी.