शब्दचर्चा: ओपन ॲक्सेस जर्नल म्हणजे 'मोफत नियतकालिक' का?

एका महाविद्यालयाच्या ग्रंथपाल बाईंनी विचारलंय की, वार्षिक अहवालात 'ओपन ॲक्सेस जर्नल'साठी, म्हणजे कोणालाही पैसे न भरता इंटरनेटवर वाचता येणाऱ्या संशोधन नियतकालिकासाठी, 'मोफत नियतकालिक' लिहिलं तर चालेल का?

माझ्या मते नको. 'मुक्तद्वार नियतकालिक' लिहा. हा शब्द तुमच्याच ग्रंथालयशास्त्रातला आहे. वाचकाने स्वतः कपाटापाशी जाऊन पुस्तक काढायचं, ती मुक्तद्वार पद्धत. भारतीय ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली, त्यांतल्या 'प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक' या सूत्राच्या विवेचनात तिला मोठं स्थान आहे. इंग्रजीत कपाटांना आणि जर्नलांना एकच संज्ञा चालते, मग मराठीत का नको? 'मुक्त प्रवेश'ही वाचनात येतो, पण प्रवेश म्हटलं की आपल्याला ॲडमिशनच आठवते.

शिवाय जुन्या मराठीत मुक्तद्वार जेवण असे. कोणीही यावं, जेवावं, खर्च यजमानाचा. इथेही कोणीतरी खर्च उचलतंच. बऱ्याच नियतकालिकांत लेख स्वीकारला की लेखकाकडून प्रक्रिया शुल्क घेतात. काही ठिकाणी सगळा भार विद्यापीठ किंवा संस्था सोसते. 'मोफत' वाचून लेख पाठवणाऱ्या प्राध्यापकाला हे आधी कळायला हवं.

दुसरं, ओपन ॲक्सेसची व्याख्या करणाऱ्या २००२च्या बुडापेस्ट जाहीरनाम्यात वाचण्याबरोबर उतरवून घेणं, प्रती काढणं, वाटणं हेही येतं. लेखकाचं श्रेय आणि मजकूर मात्र अबाधित राहिला पाहिजे. फुकट मिळालेल्या पीडीएफवर 'सर्व हक्क राखीव' असेल, तर ती महाविद्यालयाच्या संकेतस्थळावर चढवायला परवानगी लागते.

हा फरक सांगणारी माणसं मुळात ग्रंथपालच आहेत. मुक्तद्वार नियतकालिकांची डीओएजे ही सूची २००३ साली स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठाच्या ग्रंथालयातून सुरू झाली. पैसे घेऊन काहीही छापणाऱ्यांना 'प्रेडेटरी' हे नाव जेफ्री बील या अमेरिकन ग्रंथपालाने रूढ केलं. आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाने फेब्रुवारी २०२५मध्ये 'केअर' ही मान्य नियतकालिकांची यादी बंद केली आणि पारख संस्थांवर सोपवली. म्हणजे आता प्राध्यापक तुमच्याच टेबलाशी येणार, त्यामुळे शब्द नेमका हवा.

अहवालात तीन रकाने करा: 'मुक्तद्वार आहे का', 'लेखकाकडून शुल्क घेतात का, ते कोणी भरलं', 'पुनर्वापराचा परवाना कोणता'. 'मोफत' कुठेच लिहावं लागणार नाही.