‘सगळे ओके आहे, मॅडम’

प्रश्न : चाकणजवळच्या, वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी गेल्या वर्षी उत्पादन व्यवस्थापक झाले. रोज सकाळच्या मीटिंगमध्ये मी ‘कोणाला काही अडचण आहे का?’ असे विचारते आणि सगळे ‘नाही मॅडम, सगळे ओके आहे’ म्हणतात. मध्यंतरी एका मशीनवर माप हुकत होते. ऑपरेटरच्या ते आधीच लक्षात आले होते, पण आम्हाला कळले ते ग्राहकाने लॉट परत पाठवल्यावर. सूचनापेटी ठेवली, ती रिकामीच असते. ही माणसे बोलती कशी करावीत?

उत्तर : तुमची माणसे पहिल्या दिवसापासून गप्प होती का, की बोलून पाहिल्यानंतर गप्प झाली, याचा शोध आधी घ्या. कारण बहुतेक ठिकाणी दुसरी गोष्ट घडलेली असते, आणि ती घडायला मोठे भांडण लागत नाही. एक तुटक उत्तरही पुरते.

याचे सर्वांत भीषण उदाहरण विमानवाहतुकीच्या इतिहासात आहे. 27 मार्च 1977 रोजी स्पेनच्या टेनेरीफ बेटावरील लोस रोदेओस विमानतळावर केएलएम आणि पॅन ॲम या कंपन्यांची दोन बोइंग 747 विमाने धावपट्टीवरच एकमेकांवर आदळली आणि 583 माणसे मृत्युमुखी पडली. दाट धुके होते, विमानतळावर गर्दी होती, रेडिओवर दोन संदेश एकाच वेळी आल्याने ते धड ऐकू गेले नाहीत. कारणे अनेक होती. पण केएलएमच्या कॉकपिटमध्ये शेवटच्या काही मिनिटांत काय बोलले गेले, ते ध्वनिमुद्रित झाले आहे, आणि प्रत्येक व्यवस्थापकाने ते समजून घ्यावे असे मला मनापासून वाटते. कप्तान हे कंपनीतले ज्येष्ठ प्रशिक्षक होते. शेजारी बसलेल्या सहवैमानिकाची 747 साठीची परीक्षा त्यांनीच काही काळापूर्वी घेतली होती. त्यांनी इंजिनाचा जोर वाढवायला सुरुवात केली, तेव्हा अजून परवानगी मिळालेली नाही, हे सहवैमानिकाने लगेच सांगितले. ते मला माहीत आहे, तू विचारून घे, अशा अर्थाचे उत्तर कप्तानांनी दिले. नियंत्रण कक्षाने उड्डाणानंतरच्या मार्गाची परवानगी दिली, उड्डाणाची नव्हे. तरीही कप्तानांनी विमान पुढे काढले, आणि या दुसऱ्या वेळी सहवैमानिकाने त्यांना अडवले नाही. पॅन ॲमचे विमान धावपट्टीवरून अजून बाजूला झालेले नाही का, अशी शंका मागे बसलेल्या फ्लाइट इंजिनिअरने काढली. झाले आहे, असे कप्तानांनी ठासून सांगितले आणि विषय तिथेच संपला.

यात कोणी कोणावर ओरडले नाही. कप्तान दुष्ट नव्हते की बेफिकीर नव्हते. ज्याचा शब्द प्रमाण मानला जातो, अशा माणसाने दोन वेळा घाईत उत्तर दिले, एवढेच घडले. पुढे विमान कंपन्यांनी प्रशिक्षणाची पद्धतच बदलली : कनिष्ठाने शंका कशी मांडावी आणि वरिष्ठाने ती ऐकल्यावर काय करावे, या दोन्ही गोष्टी शिकवल्या जाऊ लागल्या. व्यवस्थापनाविषयी बोलताना आपण पहिल्याच गोष्टीवर भर देतो आणि दुसरी विसरतो. माणसांना बोलण्याचे धाडस शिकवण्याआधी ऐकणाऱ्याला सवय लावावी लागते.

तुमच्या क्षेत्रातही याचा नमुना आहे. टोयोटाच्या कारखान्यात अडचण दिसताच कामगार दोरी ओढतो. अलीकडे काही ठिकाणी बटण असते. दोरी ओढताच टीम लीडर त्याच्यापाशी येतो आणि दोघे मिळून दोष पाहतात. गाडी ठरलेल्या टप्प्यापर्यंत पोहोचेतो तो सुटला नाही, तरच लाइन थांबते. आपल्याकडे अनेकांनी अशी दोरी बसवली, पण ओढणाऱ्याकडे पहिल्या मिनिटात कोण जाणार आणि कोणत्या सुरात बोलणार, हे ठरवले नाही.

म्हणून सकाळचा तुमचा प्रश्न बदला. दहा जणांसमोर ‘काही अडचण आहे का?’ असे विचारले की ‘नाही’ हेच सोयीचे उत्तर असते. त्याऐवजी मशीनपाशी जाऊन ‘या लॉटमध्ये कोणत्या मापाची तुम्हाला खात्री वाटत नाही?’ असे विचारा, आणि उत्तर मिळाल्यावर ‘आधी का नाही सांगितले?’ हे वाक्य कटाक्षाने टाळा. तक्रार खोटी निघाली, तरी ज्याने सांगितले त्याला तपासणीत काय आढळले ते त्याच दिवशी जाऊन सांगा. नाहीतर तो पुन्हा सांगणार नाही. सूचनापेटी काढून टाकली तरी चालेल. निनावी चिठ्ठीला उलट प्रश्न विचारता येत नाही आणि उत्तरही देता येत नाही.

आता माप हुकल्याच्या प्रसंगाविषयी. त्या ऑपरेटरने कोणालाच सांगितले नव्हते, हे तुम्ही गृहीत धरले आहे. त्याच्याशी एकट्याशी, शांतपणे बोला. त्याने सुपरवायझरला सांगितले असण्याची आणि ‘आज डिस्पॅच आहे, चालू दे’ असे उत्तर त्याला मिळाले असण्याची शक्यता मला बरीच वाटते. तसे निघाले, तर सुपरवायझरला फैलावर घेऊ नका. मशीन थांबले की त्या शिफ्टचा आकडा घसरतो आणि त्याचा जाब त्यालाच द्यावा लागतो. तपासणीसाठी थांबवलेला वेळ त्याच्या टार्गेटमधून वजा करायचा, एवढा निर्णय तुमच्या अधिकारात असेल, तर तो आधी घ्या आणि तिन्ही शिफ्टच्या सुपरवायझरना लेखी कळवा.