वडिलांच्या स्मरणार्थ चकमकीची बंदूक: नळी भरीव ठेवा, वेळ लाकडाला द्या

वडिलांच्या आठवणीत भिंतीवर लावायला चकमकीची बंदूक घडवायची, नळी खरी असावी का आणि सोलापुरात सुरुवात कुठून करावी, असं तुम्ही विचारलंय.

नळी भरीवच ठेवा. शस्त्र अधिनियम १९५९ नुसार परवान्याशिवाय बंदूक बनवणं गुन्हा आहे. पाइप वापरू नका, वाटीतून (ठिणगीची दारू ठेवायची खळगी) नळीत जाणारं बारीक भोक, म्हणजे कानही पाडू नका. तोंडाशी १२ मिमी खोल खाच पुरते, समोरून पोकळच वाटतं.

नमुना म्हणून ईस्ट इंडिया कंपनीची ‘इंडिया पॅटर्न’ ही जुनी चकमकीची बंदूक घ्या. नळी ३९ इंच, एकूण लांबी साधारण ५५ इंच. मागे ३५ मिमी, तोंडाशी २२ मिमी अशी उतरती भरीव नळी लोखंडात पाच किलोच्या आसपास जाते, अॅल्युमिनियममध्ये पावणेदोन. मूळ नळ्या चकचकीतच असत, त्यामुळे अॅल्युमिनियम शोभतं. अक्कलकोट रोड एमआयडीसीत लेथवाला गाठताना लेथच्या दोन सेंटरमधलं (गज दोन्ही टोकांना धरणाऱ्या टोच्यांमधलं) अंतर मीटरपेक्षा जास्त आहे ना, ते आधी विचारा. उतारासाठी टेलस्टॉक (लेथचा मागचा आधार) साडेसहा मिमी सरकवावा लागतो. मध्ये स्टेडी, म्हणजे गजाला मधोमध धरणारा आधार, लावली नाही तर गज थरथरतो आणि अंगावर लाटा उठतात.

खरी परीक्षा दस्त्याची, म्हणजे बंदुकीच्या लाकडी भागाची. शिसमाची ५२ × ७ × २¼ इंचांची फळी घ्या. फळी निवडताना आधी बंदुकीची मान बघा. मुठीत धरायच्या त्या बारीक भागात लाकडाच्या रेषा मानेच्या वळणाबरोबर धावल्या पाहिजेत. आडव्या गेल्या तर दस्ता तिथेच मोडतो, मग कितीही डिंक भरा. पावसाळ्यात घेतलेली फळी लगेच कापू नका, सोलापूरच्या एप्रिलमध्ये ती आकसून चिरते. टोकांना मेण लावून घरात सावलीत निदान एक उन्हाळा जाऊ द्या.

बाहेरचा आकार सगळ्यात शेवटी. फळी चौकोनी असेपर्यंतच शिकंज्यात नीट बसते, म्हणून नळीची खाच आधी, मग चापाच्या पट्टीची (जिच्यावर घोडा बसतो ती) जागा. नळीला तेलात कालवलेलं काजळ लावा, खाचेत दाबा, उचला. काळं उमटेल तेवढंच पटाशीनं खरवडा. हे शंभरदा करावं लागतं आणि घाई केली की फट कायमची राहते. नळी धरणाऱ्या खिळ्यांची भोकं नळीच्या लांबीच्या दिशेनं लांबट ठेवा. २५ अंशांच्या फरकानं मीटरभर अॅल्युमिनियम अर्ध्या मिमीहून जास्त वाढतं, गोल भोकात ते दस्त्याला ताण देतं.

घोडा (चकमक धरणारा भाग), झडप (वाटीवरचं झाकण) आणि वाटी पितळेची करा, आत स्प्रिंग नको.

घासकाम १२०, १८०, २४० नंबरच्या घासकागदानं, याच क्रमानं. मध्ये ओल्या फडक्यानं पुसून उठलेले तंतू पुन्हा घासा. मग उकळलेलं जवसाचं तेल, अगदी पातळ हात, दोन हातांत निदान एक दिवस. जाड लावलं तर महिनोन्‌महिने चिकट राहतं. तेलाची फडकी चुरगाळून टाकू नका, ती आपोआप पेटू शकतात. पाण्यात भिजवा किंवा मोकळी पसरून वाळवा.

वडिलांचं नाव मानेवर, दीड मिमी पितळी पट्टीवर घाला. जुन्या बंदुकांवर आद्याक्षरं तिथेच असत. भांड्यांवर नाव घालणारा कारागीर हे सुरेख करतो, पण पट्टी मानेच्या गोलाईला वाकवून मगच त्याच्याकडे न्या. सपाट पट्टीवर कोरून नंतर वाकवली की शिरोरेघ मोडते.